रिकाम्या जागेला वळसा

नोंदणी कार्यालयाच्या सुनावणीच्या खोलीत त्या दिवशी फायलींच्या जोडीला एक मायक्रोस्कोप येऊन बसला होता, आणि सगळे त्याच्याकडे नव्या व्याह्यांकडे बघावं तसे जरा अवघडून बघत होते.

तो मागवला होता अधिकाऱ्यांनी. चिपच्या लेआउटची नोंदणी करण्यात त्यांची सोळा वर्षं गेली होती. कागदावरचे नकाशे तपासायचे आणि शिक्का मारायचा. पण खुद्द चिप उघडी करून पाहायचा योग कधी आला नव्हता. "दोन्ही चिपा डोळ्यांनी पाहीन, मगच बोलेन," असं त्यांनी मागच्या तारखेलाच सांगून टाकलं होतं.

गंमत म्हणजे जिनं त्यांतली एक चिप आखली होती, तिनंही ती उघडी कधी पाहिली नव्हती. तिला घरीदारी सगळे मोजपट्टी म्हणत. नाव ठेवलं होतं धाकट्या बहिणीनं, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं. दोघी बहिणींची मिळून दोन खोल्यांची कंपनी. कानाच्या यंत्रात बसणारी एकच एक चिप, तीच त्यांची कमाई आणि तोच त्यांचा अभिमान. काय कशाला जोडायचं हे धाकटी ठरवायची. मग ते हजारो भाग मसुराच्या डाळीएवढ्या जागेत कसे मांडायचे, कोणती तार कुठून न्यायची, ते मोजपट्टीचं काम. चौदा महिने तिनं स्क्रीनसमोर बसून ते गाव वसवलं होतं. कारखान्यातून चिप आली ती काळ्या आवरणात बंद होऊन. यंत्रात घातली, ऐकू आलं, झालं. आपण काय केलंय ते दिसायचा प्रश्नच आला नाही.

मग एका मोठ्या कंपनीनं तशीच चिप बाजारात आणली. बहिणींनी हरकत घेतली, तर त्या कंपनीनंच उलट अर्ज ठोकला: यांच्या आखणीत नवं काही नाही, कोणीही अशीच आखली असती, सबब यांची नोंदणी रद्द करा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. नोंदणीचं संरक्षण दहा वर्षांचं, त्यातली पाच अजून बाकी होती. ती गेली की त्या मोठ्या कंपनीपुढे दोघींचा टिकाव लागणं शक्य नव्हतं. दोन खोल्यांना कुलूप, एवढंच.

मोठ्या कंपनीचे वकील उभे राहिले. बोलणं अगदी लोण्यासारखं.

"साहेब, दुसऱ्याची चिप उघडून अभ्यास करायला कायद्यानं मुभा आहे. अभ्यास करून आपली वेगळी आखली, तरी हरकत नाही. जशीच्या तशी उतरवायची नाही, इतकंच. आमच्या इंजिनिअरनं स्वतः आखली. आता दोन्ही सारख्या दिसतात, कबूल. पण शहाणा माणूस तार जवळच्याच वाटेनं नेणार ना? आणि जवळची वाट सगळ्यांना एकच असते."

मोजपट्टीनं चमकून वर पाहिलं. कारण हे वाक्य तिचंच होतं. जवळची वाट एकच असते, बाकीच्या सगळ्या आळशी माणसांच्या, हे ती धाकटीला रोज ऐकवायची.

आवरण काढून काचेवर बसवलेली बहिणींची चिप आधी ठेवली गेली आणि अधिकारी मायक्रोस्कोपवर वाकले. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाकले.

"अरे बापरे," ते म्हणाले. कार्यालयीन भाषेत ह्याला प्रतिशब्द नसावा. "बाई, हे तुम्ही आखलंत? या, तुम्हीही बघा."

तिनं डोळा लावला, आणि क्षणभर आपण कुठे आहोत हेच विसरली.

स्क्रीनवर तिनं पाहिल्या होत्या त्या सपाट, रंगीत पट्ट्या. इथे धातू होता. पिवळसर, चकाकता, उजेड खाऊन परत टाकणारा. एका केसाच्या जाडीत चाळीस तारा शेजारी शेजारी झोपल्या होत्या, आणि एकीचंही पांघरूण दुसरीवर गेलेलं नव्हतं. तिनं बाजूचा स्क्रू हळूच फिरवला, तसं गाव सरकलं. गल्ली संपली की दुसरी गल्ली, चौक, पुन्हा गल्ल्या, अंत म्हणून नाही. हे सगळं आपल्या हातून झालंय? एका रविवारी ताप असताना आखलेला कोपराही तिला ओळखू आला. तो तसाच होता, आज्ञेत राहिलेला. तिला आनंद झालाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. देवघराला चुकून पाय लागल्यासारखी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गाव धूसर झालं.

"आता दुसरी," अधिकारी म्हणाले. कंपनीच्या चिपची काच सरकवली गेली.

तेच गाव. तेच चौक, तापातला तोच कोपरा. तिनं स्क्रू फिरवत फिरवत उजवीकडची एक लांब तार धरली आणि तिच्यामागे निघाली, कारण ती कुठे जाते हे तिला नको इतकं ठाऊक होतं. तार सरळ गेली, गेली, आणि एका ठिकाणी उजवीकडे वळली, मग वर, मग परत डावीकडे, आणि पुन्हा आपल्या रेषेत आली. मध्ये काही नव्हतं. रिकामी चौकोनी जागा, आणि तिला घातलेला वळसा.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ मोजपट्टीनं पाच वर्षं झाकली होती.

त्या जागी मुळात एक चौकोन होता, चाचणीची सुई टेकवण्यासाठी धाकटीनं मागितलेला. म्हणून तार वळवावी लागली. लेआउट पाठवायच्या दोन दिवस आधी धाकटी म्हणाली, चौकोन नको, काढून टाक. मोजपट्टीनं चौकोन काढला आणि तार सरळ करायची राहिली. काप गेले नि भोकं राहिली. कळलं तेव्हा लेआउट कारखान्यात पोचला होता. चिप उत्तम चालली. पण त्याच महिन्यात तिनं धाकटीला एका चुकलेल्या आकड्यावरून दोन दिवस फैलावर घेतलं होतं, रडवलं होतं. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार? आणि कोणाला दिसणार होतं? केसाच्या जाडीतली चूक!

तिनं मान वर केली. धाकटी तिच्याकडेच बघत होती.

"साहेब," मोजपट्टी म्हणाली. "वकीलसाहेब खरं बोलले. जवळची वाट एकच असते. पण दोन्ही चिपांत एक तार लांबच्या वाटेनं गेली आहे. माझ्या चिपमध्ये ती का गेली ते मी सांगते. ती माझी चूक आहे."

तिनं लॅपटॉप उघडून जुनी फाइल दाखवली, तारखेसकट. त्यात चौकोन होता. दोन दिवसांनंतरच्या फाइलमध्ये चौकोन नव्हता, वळसा होता. सगळं सांगून होईपर्यंत तिनं धाकटीकडे पाहिलं नाही.

"पाच वर्षं, ताई?" धाकटी हळूच म्हणाली. "माझ्या एका आकड्यासाठी तू मला जेवू दिलं नव्हतंस."

मोजपट्टीनं लॅपटॉप मिटला.

अधिकारी पलीकडच्या बाकाकडे वळले. तिथे कंपनीचा इंजिनिअर बसला होता, तिशीतला, सकाळपासून फाइल छातीशी धरून. "तुमच्याकडे असे कच्चे आराखडे आहेत? चौकोनासकट?"

"नाहीत."

"मग तुमची तार का वळली?"

"साहेब, याला तांत्रिक कारणं अनेक—" वकील उठले.

"मी यांना विचारतोय."

इंजिनिअर उभा राहिला. त्यानं अधिकाऱ्यांकडे नाही, मोजपट्टीकडे पाहिलं.

"मॅडम, मला वळण दिसलं होतं. तीन दिवस मी तिथेच अडकलो होतो. तार सरळ केली तरी चालेल, असंच गणित येत होतं. पण बाकी चिपमध्ये तुम्ही एक मायक्रॉन वाया घालवलेला नाही. असं काम मी आजवर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हा माणूस उगाच वळायचा नाही. कारण असणारच, मलाच कळत नाहीये." त्यानं छातीशी धरलेली फाइल बाकावर ठेवली. "म्हणून ठेवलं तसंच."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यांनी लेखनिकाला शब्द न् शब्द लिहून घ्यायला सांगितलं, आणि तो लिहीत असतानाच त्यांनी बहिणींची फाइल मिटून आपल्या उजव्या हाताला ठेवली. नोंदणी कायम राहणार, हे सांगायची मग गरज उरली नाही.

मोजपट्टीला वाटलं होतं, खूप राग येईल. आलाही, कारण माणसानं चोरी केली होती. पण रागाखाली दुसरंच काही हललं. तिच्यावर इतका विश्वास कोणी कधी ठेवला नव्हता, आणि ठेवला तो नेमका तिच्या चुकीवर.

"कारण नव्हतं रे," ती त्याला म्हणाली. "विसरले होते मी."

तो खाली बसला. इतक्या वर्षांत ती चूक तिनं आज पहिल्यांदाच मोठ्यानं बोलून दाखवली होती, आणि छत काही कोसळलं नव्हतं.

मागे धाकटी मायक्रोस्कोपवर वाकली होती. तिनंही ते गाव कधी पाहिलं नव्हतं. मग डोळा न काढताच तिनं हात मागे केला, चाचपडत मोजपट्टीचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"ताई," ती म्हणाली, "बाकीचं सगळं बघ ना गं."