बहाव्याविना बाग

वकीलसाहेबांच्या बागेत आता हिरवी काडीही उरली नव्हती. बायको गेल्यापासून त्यांनी तिथला नळ सोडलाच नव्हता. तरी त्यांना चित्र हवं होतं ते भर उन्हाळ्यात फुललेल्या बागेचं. लेक बाळाला घेऊन पहिल्यांदाच माहेरी येणार होती, तिला द्यायला.

चित्रकारबाईंनी आयुष्यभर फुलं-पानंच रंगवली होती. जुने फोटो समोर मांडून त्यांनी कामाला हात घातला. मोगऱ्याची कळी न् कळी, कर्दळीच्या पानांवरच्या शिरा, कुंपणावर माजलेली बोगनवेल. मधोमध बहावा होता, पिवळ्या घोसांनी लगडलेला. त्याच्या खोडाची पेन्सिलीनं रेघ ओढताच साहेब मागून म्हणाले, "तो नको."

"अहो, सगळ्या फोटोंत तोच तर उठून दिसतोय."

"कीड लागली, तोडला. नको म्हटलं ना!"

बाईंनी मुकाट्यानं रेघ खोडली आणि तिथं जास्वंद दाटीनं भरली.

लेक आली त्या दिवशी बाई चित्र घेऊन गेल्या. बाळाला कडेवर सावरत लेक पाहू लागली. "हा आईचा मोगरा! अगदी हुबेहूब. बाबा, बहावा कुठंय?"

"कीड लागली त्याला."

"चित्रातसुद्धा?"

लेकीनं खिडकीबाहेर उरलेल्या बुंध्याकडे पाहिलं, मग बापाच्या चेहऱ्याकडे. "आईचं हृदय बंद पडलं म्हणाला होतात."

"तुझे दिवस भरत आले होते गं. कसं सांगणार होतो, की तिनं त्या झाडाला..."

"आणि नंतर? सबंध वर्षभर?"

"रोज फोन हातात घ्यायचो."

बाईंनी झटकन पुढं होऊन बाळाला घेतलं, नाहीतर ते लेकीच्या हातून सुटलंच असतं. ती रडली मात्र नाही.

"आदल्या दिवशी तिचा फोन आला होता," ती म्हणाली. "चार दिवस येऊन जा म्हणाली. मी खेकसले तिच्यावर. या अवस्थेत कशी येऊ, तुला काही कळतं का, म्हटलं."

साहेबांनी मान वर केली. हे त्यांना ठाऊक नव्हतं. "माझ्याशीही काहीतरी बोलायचं होतं तिला," ते पुटपुटले. "मी फाइलीत डोकं घालून बसलो होतो. उद्या बघू म्हटलं."

बाळ भुकेनं कळवळायला लागलं, तशी बाई त्याला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दूध कुठं असेल ते शोधू लागल्या.