आमटीतला दुधी

"आजी, बघ ना, मुळा!" सृष्टीने मातीने माखलेला मुळा नळाखाली धरला, फ्रॉकला पुसला आणि कचकन चावला.

शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दारात मालनबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. ही तीच सृष्टी. चौथीतली. भातात कोथिंबिरीचं पान आलं तरी चिमटीत धरून ताटाबाहेर ठेवणारी. आणि आज कच्चा मुळा खात होती, तोही स्नेहल मॅडमच्या बागेतला! मॅडम शेजारी उभ्या राहून फोनवर तिचे फोटो काढत होत्या.

"गोड हाय का गं?" मालनबाईने विचारलं.

"तिखट हाय. पन मीच लावला व्हता ना!"

मालनबाईच्या पोटात दुखलं. तिला हेवा वाटला. त्याला दुसरं नाव नव्हतं, आणि तिनेही ते शोधलं नाही.

गिरणारे रस्त्याकडेच्या या वस्तीवरच्या शाळेत ती अकरा वर्षं पोरांसाठी भात-आमटी रांधत होती; सगळी पोरं तिला आजीच म्हणत. सुरुवातीला पोरं भाजीची फोड न फोड वेचून नळापाशी टाकायची. तिथे ढीग व्हायचा आणि वस्तीवरच्या शेळ्या गुबगुबीत व्हायच्या. मग मालनबाईने युक्ती केली. नवरा, बहिरू, मळ्यातला माल बाजारात नेई, त्यातला वाकडा दुधी, तडकलेली गाजरं ती बाजूला काढी. पहाटे उठून ती वाफवी, मिक्सरमधून काढी आणि डबा पदराखाली झाकून शाळेत आणी. डाळीत तो गर असा मिसळून जायचा की कुणाला पत्ता लागत नसे. पोरं भुरके मारून आमटी प्यायची. शाळेत हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी बहिरू विचारी, "काय गं, आज?" ती म्हणे, "पातेलं पुसून खाल्लं." तेवढ्यावर दोघांचा चहा गोड व्हायचा.

आणि आता ही सातपूरहून स्कूटीवर येणारी पोरगी. नोकरीला लागून वर्ष झालं नाही, चार वाफे काय लावले, सगळी पोरं 'मॅडम, मॅडम' करत हिच्यामागे! आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातंय, असं पुटपुटत मालनबाई भांडी आदळे. भांड्यांवर राग काढण्यात एक बरं असतं, ती उलट बोलत नाहीत. मॅडम बिचाऱ्या वाफ्यातली पालकाची जुडी आणून देत. "मावशी, आज ही घाला ना." मालनबाई जुडी घेई आणि गॅसमागे सुकू देई. लाज वाटायची, पण सुकू देई.

पालकसभेच्या दिवशी कळस झाला. पोरं सतरंजीवर, त्यांच्या आया मागे. मुख्याध्यापक महेश सर उभे राहिले. "आपली मुलं आयुष्यात पहिल्यांदा भाजी खायला लागली, ती स्नेहल मॅडमच्या परसबागेमुळे." टाळ्या झाल्या. मॅडमना शाल आणि नारळ मिळाला.

पहिल्यांदा? मालनबाईच्या डोक्यात तिडीक गेली. हातातल्या डावासकट ती पुढे आली.

"सर, पयल्यांदा कशी? अकरा वर्सं झाली, सगळी पोरं दुधी खात्यात. गाजर खात्यात. मी रोज आमटीत वाटून घालते. इचारा कुनालाबी!"

विचारणार कुणाला? कुणाला ठाऊकच नव्हतं. मग आया हसल्या, टाळ्या वाजल्या, आणि सगळ्यांत जोरात वाजवल्या त्या स्नेहल मॅडमनी. सरांनी टेबलावर उरलेला नारळ मालनबाईच्या हातात दिला. तिचा ऊर भरून आला. पुढच्या रांगेत सृष्टी तोंडावर हात दाबून बसली होती, ते तिने पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. मालनबाई आमटी वाढायला वाकली, तर सृष्टीने ताटावर हात आडवा धरला.

"नको."

"का गं?"

"त्यात दुधी हाय."

"परवापर्यंत वाटी वाटी पीत व्हतीस की!"

"तव्हा म्हाईत नव्हतं." सृष्टीने मान वर केली नाही. "तू लपवून घातलंस, आजी."

शेजारच्या रुद्रने हात आडवा धरला. मग त्याच्या पलीकडच्याने. पोरांनी कोरडा भात खाल्ला. पातेलं भरलेलं परत आलं, आणि ते उचलताना मालनबाईच्या कमरेत कळ आली. नारळ मिळाला होता, पोरं गेली होती. कुणी हिरावली नव्हती, आपल्याच जिभेने घालवली होती. त्या संध्याकाळी बहिरूने विचारलं, तेव्हा तिने नुसता चहा पुढे केला.

तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी स्नेहल मॅडम ताट घेऊन आल्या आणि सृष्टीशेजारी मांडी घालून बसल्या.

"मावशी, मला आमटी. भरपूर वाढा. आज काय काय घातलंय?"

मालनबाईला ते झोंबलं. हिने यावं, आणि आपली आमटी हिने तारावी! खोटं बोलावंसं वाटलं, पण लपवाछपवीचं काय होतं ते तीन दिवस परत आलेल्या भरल्या पातेल्यात तिने पाहिलं होतं.

"दुधी," ती म्हणाली. "आन् तुमच्या वाफ्यातला पालक." त्या सकाळी पहिल्यांदाच जुडी गॅसमागे न जाता पातेल्यात गेली होती.

मॅडमनी भुरका मारला. "अजून वाढा."

सृष्टी बघत राहिली. "पालक आपला हाय, मॅडम?"

"आपलाच."

सृष्टीने हळूच ताट पुढे केलं. मग रुद्रने. मग सगळ्यांनीच. ताटं मालनबाईपुढे येत होती, डोळे मात्र मॅडमकडे होते. ती वाढत राहिली.

संध्याकाळी बहिरू मळ्यातून आला. "काय गं, आज?"

"पातेलं पुसून खाल्लं." चहा गाळता गाळता मालनबाई थांबली. "मॅडमनी खाऊ घातलं."

बहिरूने तिच्याकडे पाहिलं आणि बशीत चहा ओतला. मालनबाईने उद्यासाठी दोन वाकडे दुधी काढले. आज ते पहाटे वाफवायला बाजूला ठेवले नाहीत. तसेच शाळेच्या पिशवीत घातले आणि पिशवीबाहेर आलेले देठ तिने झाकले नाहीत.