काळ्या कागदावरचे दाणे

थोरलीचं पित्त खवळलं ते एका वाक्यानं. वाळवी मारण्यात उभा जन्म घालवलेले बाबा ग्रंथपालबाईंना म्हणाले, "कान म्हणाल तर धाकटीचा! माझ्यावर गेलीय."

आणि थोरली? अठरा वर्षं बाबांच्या मागे औषधाचे डबे वाहिले ते काय हौस म्हणून? धाकटीला या धंद्यात येऊन जुम्मा जुम्मा चार दिवस झालेले, आणि म्हणे कान!

वाचनालयाच्या लाकडी जिन्याला सुक्या लाकडातली वाळवी लागली होती. ही जात माती आणत नाही, भिंतीवर वाट बांधत नाही. लाकडातच राहते, तिथंच खाते आणि बारीक भोकातून खसखशीच्या दाण्यांसारखी विष्ठा बाहेर ढकलते. धाकटीनं पायऱ्या ठोकून, नुसत्या आवाजावरून पोकळ जागा हेरल्या, भोकं पाडून औषध टोचलं, खाली काळा कागद अंथरला. महिनाभर त्यावर दाणे पडले नाहीत की वाळवी मेली म्हणायची. बाबांनी सांगूनच टाकलं होतं, "जिना वाचला तर यापुढे पाहणी धाकटीची. तिचा शब्द शेवटचा."

महिन्यानं कागद बघायला थोरली एकटीच गेली. एक दाणा असेल तर शपथ! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हिचं कधी काही चुकू नये म्हणजे काय? तिनं हातोडीच्या दांड्यानं पायरीवर चार टोले हाणले. लाकडात अडकलेले जुने दाणे झरझर खाली आले. मग तिनं फोन लावला.

"बाबा, वाळवी जिवंत आहे."

तासाभरात दोघं आले. धाकटीचं तोंड एवढंसं झालं. "ताई, तू बघितलंस म्हणजे खरंच असणार. माझंच कुठंतरी राहिलं."

थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

बाबा गुडघ्यांवर बसले. "जिवंत वाळवी भोकाखाली ढीग घालते. हे तर सगळीकडे उडालेत. कुणीतरी धाडधाड जिना चढलं असेल, धक्क्यानं पडले." मग थोरलीकडे न बघता म्हणाले, "अठरा वर्षं झाली गं. एवढंही कळू नये? असो. तू आपली औषधाचं बघ."

"जाऊ द्या ना बाबा," धाकटी म्हणाली, "कुणाचंही चुकतं."

झालं! शिव्या चालल्या असत्या, पण हिची कीव?

"माझं नाही चुकत!" थोरली कडाडली. "ढीग कसा असतो ते मला हिच्या आधीपासून ठाऊक आहे! कागद कोरा होता. मी ठोकून पाडलेत दाणे. मी!"

बाबा गुडघ्यांवरून उठले.

"म्हणजे येतं तुला सगळं," ते सावकाश म्हणाले. "आता उद्या तू एखाद्या घरात वाळवी आहे म्हणालीस, तर मी कुणाला विचारून खात्री करायची, तेवढं सांग."

थोरलीला उत्तर ठाऊक होतं. ते तिच्या शेजारीच उभं होतं, मान खाली घालून.