आग लागली तर कुठं भेटायचं

अग्निशमन दलातल्या बाई घरी आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं आणि त्यानंतर त्यांच्या प्रत्येक म्हणण्याला नकार दिला.

बाई गल्लीतल्या घराघरांत फिरत होत्या. सक्ती नव्हती, पैसे नव्हते. छताला धुराची घंटा लावून द्यायची आणि आग लागली तर काय करायचं ते घरच्यांना समजावून सांगायचं, एवढंच त्यांचं काम. सासूबाईंचं म्हणणं, ती घंटा उठसूट कोकलत बसेल. आणि मागच्या लोखंडी जिन्यावर ठेवलेला जुना पाळणा, पत्र्याचे डबे, तीन पायांचं टेबल हे सगळं कुणाच्या अध्यात ना मध्यात, ते कशाला हलवायचं?

"आजी, पुढच्या जिन्यात धूर भरला तर मागून उतरायचं कसं? पाळण्यात बसून?" बाईंनी विचारलं.

सुनेला हसू आवरलं नाही. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, दिवसभर नेमकेपणात जगायची, त्यामुळे असं नेमकं बोलणारं माणूस तिला लगेच आवडायचं. तिने घंटा तिथल्या तिथे लावून घेतली, आणि पाळणा डब्या-टेबलासकट दुसऱ्या दिवशी भंगारात गेला. सासूबाईंनी त्याचा राग चांगला दोन दिवस पुरवून वापरला.

पण खरा भडका उडाला तो बाई आल्या त्याच दिवशी, अगदी शेवटी. बाई म्हणाल्या, "बाहेर पडल्यावर सगळ्यांनी भेटायची एक जागा ठरवा. नाहीतर एक बाहेर उभा असतो, दुसरा त्याला शोधायला आत शिरतो, आणि मग आम्हाला दोघांना काढावं लागतं." त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "ते समोरचं सलून छान आहे. दिवसभर उघडं असतं, लांबून दिसतं."

सासूबाई ताडकन उठल्या. "त्याच्या दुकानाची पायरी मी चढणार नाही."

बाईंना काय माहीत? सासरे गेले त्याच्या आदल्या वर्षी घरात सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं होतं. सासरे सकाळी सलूनमध्ये मिशी नीट करायला गेले. सलूनवाल्याने एक बाजू जरा जास्त कापली, मग दुसरी बाजू तिच्या मापाला आणली, मग पुन्हा पहिली, आणि असं करता करता चाळीस वर्षांची झुपकेदार मिशी साफ झाली. फोटो तसाच निघाला. त्यानंतर दुसरा काढायची वेळच आली नाही. भिंतीवर जो हसतोय तो आपला नवरा नाहीच, असं सासूबाईंना रोज वाटायचं, आणि त्याचा हिशेब त्यांनी सलूनवाल्याच्या नावावर मांडून ठेवला होता. बिचारा रोज दारातून मान लववायचा. या रोज आभाळाकडे बघत पुढे जायच्या.

"मी औषधाच्या दुकानापाशी उभी राहीन," त्या म्हणाल्या.

"ते कोपऱ्याच्या पलीकडे आहे, आई. तिथून काही दिसत नाही."

"मला दिसतं."

सुनेचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर असायचा, महिन्यातले बरेच दिवस घराबाहेर. घरात या दोघीच, तेव्हा भांडण मिटवायलाही तिसरं कुणी नव्हतं. पुढच्या रविवारी सुनेने सराव घ्यायचा म्हणून घंटेचं बटण दाबलं. सासूबाई मागच्या जिन्याने कुरकुरत उतरल्या आणि सरळ औषधाच्या दुकानाकडे चालू लागल्या. सून सलूनसमोर एकटी उभी. येणारे जाणारे बघतायत, सलूनवाला कात्री हातात धरून ओशाळलेला. तिचं डोकंच फिरलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "खरोखर आग लागली ना आई, तर मी सलूनमध्ये बघेन. तिथे नसलात तर दुसरीकडे शोधणार नाही, सांगून ठेवते!"

सासूबाई ताटं घ्यायला आत गेल्या.

मग एका दुपारी, काच घासण्याचं चाक फिरत असताना, तिचा फोन वाजला. घराखालचा गादीवाला बोलत होता. आवाज फाटलेला.

"ताई, दुकानाला आग लागली. कापूस पेटलाय. आम्ही सगळे बाहेर आहोत, बंब पण आला. पण तुमच्या आजी काही दिसत नाहीत."

काच तशीच टाकून ती धावत सुटली. घरचा फोन लावला, नुसता वाजत राहिला. दुपारी सासूबाई झोपलेल्या असायच्या, दार लावून, डोक्यावरून पदर ओढून. घंटा ऐकू आली असेल का? तिची बॅटरी काढून त्यांनी रेडिओत तर घातली नसेल? धावता धावता तिला स्वतःचंच ते वाक्य आठवलं, दुसरीकडे शोधणार नाही. शेवटी आपण हे बोललो त्यांना? आपल्याच तोंडाने?

गल्लीत काळा धूर कोंदला होता. पुढच्या जिन्याचं तोंड दिसत नव्हतं. बंब रस्त्यावर आडवा उभा होता, पाण्याचे पाइप इकडून तिकडे पसरले होते. ती कुठेही न थांबता कोपरा वळून थेट औषधाच्या दुकानात शिरली.

"आमच्या आई?"

"नाही आल्या," दुकानदार म्हणाला.

ती परत फिरली. हेल्मेट घातलेल्या बाई समोरच दिसल्या, त्याच त्या. तिने त्यांचा दंडच धरला. "आई आत आहेत! वर झोपल्यात!" मुखवटे चढवलेले दोन जवान पुढच्या जिन्याकडे निघालेच होते. ती त्यांच्या मागे धावणार, तोच बाईंनी तिला धरून ठेवलं.

"सलूनमध्ये पाहिलंत?"

"तिथे त्या जाणार नाहीत. मी ओळखते ना त्यांना!"

"ताई, आत माझी माणसं जातायत. त्यांचीही कुणीतरी वाट बघतंय. आधी ठरलेली जागा बघा, पळा."

बाईंना नाही म्हणायची ती वेळ नव्हती. ती बंबाला वळसा घालून पलीकडे गेली. सलूनच्या दारात सलूनवाला दोन्ही हात हलवत होता. "आत्ताच आल्या, मागच्या बोळातून! मी सांगायलाच येत होतो."

आत, आरशासमोरच्या उंच खुर्चीत, सासूबाई बसल्या होत्या. गळ्याभोवती पांढरा टॉवेल, गालावर काजळी, पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून लोंबकळत होते. मांडीवर सासऱ्यांचा तो फोटो.

सुनेने वळून रस्त्याकडे बघून बोंब मारली, "सापडल्या! बाई, सापडल्या!" आणि बाईंचा आवाज धुरातून घुमला, "माघारी या रे, माणूस बाहेर आहे!" जिन्याच्या तोंडाशी गेलेले दोघे परत फिरले. एकाने मुखवटा काढून कपाळ पुसलं. तिने ते पाहिलं आणि मग कुठे तिचा जीव भांड्यात पडला. ती खुर्चीपाशी फरशीवरच बसली आणि सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळेपणी रडली.

"अगं, ती मेली घंटा अशी बोंबलली की मेलेला माणूस उठून बसेल," सासूबाई म्हणाल्या. "पुढचं दार उलट्या हातानं बघितलं तर तापलेलं. मग मागून आले. तू कुठे होतीस?"

"औषधाच्या दुकानात."

"तिकडे कशाला गेली होतीस?"

"तुम्ही तिकडेच असणार म्हणून. तुम्ही इथे कशाला आलात?"

सासूबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "तू म्हणाली होतीस ना, दुसरीकडे शोधणार नाहीस. मला वाटलं, खरंच शोधायची नाहीस."

सुनेला आणखी रडू आलं. खालची आग आटोक्यात आली होती. बाहेर गादीवाला कुणाला तरी मोठ्याने सांगत होता की माणसं वाचली, बाकी सगळं पुन्हा होईल. सलूनवाला कोमट पाण्यात बुडवलेला दुसरा टॉवेल घेऊन आला आणि अंतर राखून उभा राहिला.

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या. वीस वर्षांत त्याच्याशी बोललेले हे पहिलेच शब्द. त्यांनी आधी फोटोच्या काचेवरची काजळी पुसली, मग सुनेचं तोंड. "आणि मिशीचं मी विसरलेले नाही, समजलं?"

"नाही आजी," सलूनवाला म्हणाला, "मीही नाही विसरलो."