केतनचा शर्ट

आमच्या घराला दारं चार आहेत आणि बंद एकही होत नाही. दिवसा दार लोटलं तरी शेजारची केसरआत्या अंगणातून विचारते, "काय गो, कोन मेला का कोन पलाला?" अशा घरात माझ्या भावाला एका अनोळखी बाईशी एकट्याने बोलायचं होतं. मोबाईलवर, तिच्या तोंडाकडे बघत. हे मी ठरवलं होतं. केतनने मागितलं नव्हतं. बाबा गेल्यापासून केतनने काहीच मागितलं नव्हतं, प्यायला पाणीसुद्धा नाही.

बाबा कसे गेले ते आधी सांगते, कारण गाव ते वेगळंच सांगतं.

आमची मिठागरं बंदराखाली गेली आणि मोबदल्याच्या पैशातून ट्रेलर आला. केतन तो चालवायचा, न्हावा शेव्यावरून कंटेनर उचलायचा. रविवारी रिकामा ट्रेलर घरी यायचा आणि घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उलटा लागायचा. एवढं लांब धूड उलटं घेताना ड्रायव्हरला मागचं धड दिसत नाही. म्हणून मागे एक माणूस उभा राहतो आणि ट्रेलरच्या लोखंडावर हाताने थापा मारतो. थापा चालू आहेत तोवर येत राहायचं. थापा थांबल्या की गाडी थांबवायची. फारच घाई असली तर जोरात दोन थापा, म्हणजे आहेस तिथेच थांब. आमच्याकडे सगळे असंच करतात. यात कोणाला काही चुकीचं वाटत नव्हतं, कारण अजून कोणी मेलं नव्हतं.

त्या रविवारी मागे बाबा होते. चांगदेव नाव त्यांचं, हात असा की थाप घरात ऐकू यायची. वाटेत पाण्याचा रिकामा ड्रम होता. थापा थांबवून ते ड्रम सरकवायला वाकले. ट्रेलर थांबला नाही. मागे भिंत होती.

केतन एकच वाक्य बोलत राहिला. पोलिसांना, डॉक्टरांना, चितेजवळ. "थापा चालू होत्या."

रामचंद्रकाका, बाबांचे सख्खे भाऊ, यांनी गावभर सांगितलं की पोरगा फोनवर बोलत होता. फोन घरात चार्जिंगला होता. मी डोळ्यांनी बघितला होता. मी सांगितलं, पण पोरीचं कोण ऐकतं? पोलिसांनी अपघात म्हणून विषय संपवला आणि गावाने तिथून चालू केला. बाराव्याच्या पंगतीत केतन पुन्हा तेच बोलला, तेव्हा काका पत्रावळीवरून मान वर करून म्हणाले, "वाकलेला मानूस थापा कशा मारल रे? थापा तर तू मारतंस!" दोन-तीन जण हसले. माझ्या बापाच्या बाराव्याचा भात खाता खाता हसले. त्यांची नावं मला पाठ आहेत.

त्या दिवसापासून केतन गप्प झाला. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत झोपून राहायला लागला. ट्रेलर जागच्या जागी उभा, टायरांना भेगा पडल्या, खालून गवत वर आलं. आईने भगताकडे नेलं. भगत बोलला, बापाने पोराला धरलंय. कोंबडा घेतला, सुटका काही झाली नाही. वर्ष होत आलं तेव्हा मी ठरवलं की बस झालं. मी ज्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसात बसते तिथे भिंतीवर एका संस्थेचा नंबर चिकटवला होता. ड्रायव्हर लोकांसाठी, मनाच्या त्रासाचं बोलायला, व्हिडिओ कॉलवर, फुकट. ड्रायव्हर त्या नंबरखाली तंबाखूचा हात पुसायचे. मी फोन लावला.

समोरची बाई नागपूरची. जयमाला नाव. माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट आणि बंद दार. मला आधी ते दारच दिसलं.

रेंज फक्त गच्चीवरच्या खोलीत. मी फोन उभा करून दिला आणि राखण करायला जिन्यावर बसले. पाच मिनिटंही झाली नसतील, केसरआत्या सुपात बोंबील घेऊन वर.

"आत्या, आता नको. नंतर वाळव."

"ऊन काय तुझ्या बापासाठी थांबल?" बोलली आणि जीभ चावली. पण पाय थांबले नाहीत. सरळ खोलीत डोकावली. "अगो बाय! पोरगी बघताव काय? गोरी हाय. लगीन जमवलाव नि आमाला सांगलाव पन नाय?"

"आत्या, डॉक्टर आहेत त्या."

"कसली डाक्तर?"

"डोक्याची."

आत्याने सूप उचललं आणि बोंबील न वाळवता खाली गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत झालं, चांगदेवचा पोरगा वेडा झाला, नागपूरपर्यंत कळलंय.

तरी केतन दुसऱ्या वेळी बसला. का बसला ते मला माहीत नाही. कदाचित त्या बाईने पहिल्या वेळी त्याला काहीच विचारलं नाही म्हणून. ती म्हणे नुसती बोलली, तुम्ही गप्प बसलात तरी मी इथेच आहे, तुमची वेळ आहे ही.

दुसऱ्या वेळी तो फार लवकर खाली आला. मी भाजी चिरत होते. माझ्यासमोर उभा राहिला.

"मी तिला सांगितलं. थापा चालू होत्या म्हणून."

"मग?"

"ती विचारते, आता पण ऐकू येतात का? आजूबाजूला कोणी नसताना आवाज येतात का?" तो विळीसमोर उकिडवा बसला. "तिला पण तेच वाटतंय नेत्रा. मी वेडा आहे. आता मना पण वाटतंय. बाबा वाकलेले होते. थापा कोण मारणार? मग मी काय ऐकलं?"

मला इतका राग आला की विळीवर बोट कापलं. त्या बंद दाराच्या बाईचा राग. एवढं शिकून एवढंच विचारायला आलं हिला? नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं, ते विचारणं तिचं कामच असेल. पण वर्षभर कोणी ऐकलं नाही अशा माणसाने तोंड उघडल्यावर पहिला प्रश्न तो?

रात्री जेवताना मी हे सगळं आईला बोलले. केतन वर होता. "त्याच्या कानात आवाज येतात असं वाटलं तिला," मी म्हटलं. आईने हातातला घास ताटात परत ठेवला. उठली, हात धुतला आणि मोरीतच उभी राहिली. मला वाटलं, पोरगा वेडा ठरला म्हणून रडते आहे. मी तिच्या पाठीकडे बघत जेवत राहिले.

पुढच्या वेळेला केतन खोलीतून बाहेर आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. "तूच बोल तिच्याशी. सांग, येत नाही तो." मी खोलीत जाऊन फोन हातात घेतला, कॉल बंद करणार होते, तेवढ्यात आई वर चढली. पायरीवरच्या केतनला घासून, त्याच्याकडे न बघता. तिच्या हातात केतनचा निळा शर्ट होता, कालचा, घामाचा. एका टोकाला गाठ मारून मूठभर तांदूळ बांधलेले.

मी समजले. आमच्याकडे आजारी माणूस भगताकडे यायला तयार नसला तर त्याचा अंगातला शर्ट नेतात. न धुतलेला. भगत शर्टाला विचारतो आणि शर्टाच्या वतीने सांगतो.

आई आत येऊन फोनसमोर मांडी घालून बसली, शर्ट मांडीवर. "तो येत न्हाय," ती म्हणाली. "त्याचा शर्ट आणलाय. धुतलेला न्हाय."

मला लाजेने मरावंसं वाटलं. "आई, त्या भगत नाहीत."

जयमाला हसली नाही, हे मात्र मी तिच्या बाजूने मांडते. "काकू," ती म्हणाली, "शर्टावरून मला काही सांगता येणार नाही. आणि केतन माझ्याशी जे बोलला ते त्याला विचारल्याशिवाय मी तुम्हालाही सांगणार नाही."

"तू नको सांगू, बाय. मी सांगते. तू नंतर त्याला सांग." आईने शर्टाची गाठ घट्ट धरली. "भगताकडं पण तसंच असतं. घरात जे बोलाला तोंड होत न्हाय ते त्याच्या तोंडातून येतं. म्हणून तर जातात."

"तुम्ही त्याला स्वतः नाही सांगू शकत?"

"न्हाय."

"बरं. तुम्ही मला सांगा. पुढे काय करायचं ते दोघी ठरवू."

आईने मांडीवरचा शर्ट सरळ केला. मग त्या शर्टालाच सांगितल्यासारखी बोलायला लागली.

"त्या दिवशी मी भिंतीच्या ह्या अंगाला व्हते. नळावर. गोधडी धुवत व्हते. गोधडी हातानं निघत न्हाय, लाकडाच्या मोगरीनं धोपटावी लागते. मी धोपटत व्हते. तिकडून ह्यांच्या थापा, इकडून माझी मोगरी. मना काय ठावं? ते थांबले." ती थांबली. "मी न्हाय थांबले."

जयमालाच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, नागपूरचा.

माझ्या डोळ्यांसमोर मोरीतला प्लॅस्टिकचा ब्रश आला. बाबा गेल्यापासून आई कपडे हाताने चोळत होती. चादरीसुद्धा. बोटांची सालं निघाली तेव्हा ब्रश मी आणून दिला होता. मोगरी कुठे गेली विचारलं तेव्हा बोलली होती, फुटली. मला वाटलं, नवरा गेलेल्या बाईचं काहीतरी असेल. मी, जी सगळ्या गावाला आंधळं म्हणते.

"मोगरी मी चुलीत घातली," आई म्हणाली. "त्याच आठवड्यात. पोरगा थापा, थापा बोलायचा तेव्हा मी वाढत व्हते. दीर तसं बोलला तेव्हा पण वाढत व्हते. वाटलं, पोलिसांनी लिवलं अपघात, मिटलं. हा पण विसरंल. आता नेत्रा बोलली, तुला वाटतं त्याच्या कानात आवाज येतात." तिने पहिल्यांदा मोबाईलकडे नीट बघितलं. "त्याचे कान बरे हायत, बाय. आवाज माझा व्हता."

"काकू," जयमाला म्हणाली. तिने चष्मा काढला. "मी त्याला जे विचारलं ते चुकीच्या वेळी विचारलं. ती चूक माझी. आणि तुम्ही कपडे धुवत होतात. तुम्ही..."

पण आई आता ऐकत नव्हती. तिचा हात वर गेला आणि कपाळावर पडला. पुन्हा पडला. ओरडणं नाही, रडणं नाही, नुसता तळहात कपाळावर. एका लयीत. मी ती लय ओळखली, मोगरीची होती. "काकू, थांबा. नेत्रा, त्यांचा हात धरा," जयमाला म्हणत होती. काचेच्या पलीकडून काय करणार ती बिचारी? मी एका हातात फोन घेऊन आईचा हात धरायला गेले, तो सुटला. लोखंडासारखा झाला होता.

तेवढ्यात पत्र्याच्या दारावर जोरात दोन थापा पडल्या.

आईचा हात हवेतच थांबला.

दारात केतन उभा होता. तळहात अजून पत्र्याला टेकलेला. तोवर तो पायरीवरून हललाच नव्हता, दार तर लागतच नाही. सगळं ऐकलं होतं त्याने, भगत मध्ये न घालता.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "खरंच ऐकलं होतं."

"व्हय," आई म्हणाली.

"वर्षभर मना वाटलं..."

"व्हय रे बाबा."

मला वाटलं आता तो ओरडेल. ओरडायचा हक्क होता त्याला. वर्षभर तो स्वतःच्या कानांना घाबरून जगला होता आणि त्याची आई खाली बसून भात वाढत होती. तो आत आला. आईच्या मांडीवरून शर्ट उचलला, तेव्हा गाठ सुटली आणि तांदूळ सगळीकडे सांडले. त्याने शर्ट मुठीत आवळला. मग तो आईच्या शेजारी बसला, तिला न चिकटता, पण फोनमध्ये दोघं दिसतील असा.

"मॅडम," तो म्हणाला, "आज आई पण बसेल. चालेल?"

"तुम्ही दोघं म्हणत असाल तर चालेल," जयमाला म्हणाली. "तुम्हाला बसायचंय का, काकू?"

आईने होकाराची मान हलवली. मी फोन भिंतीला टेकवून उभा केला.

खालून केसरआत्याची हाक आली. "काय गो नेत्रा, कसला आवाज झाला? पोरानं मारलं का काय आईला?" आणि पायऱ्यांवर चपला वाजायला लागल्या. तिच्या मागे आणखी कोणाच्या तरी.

मी बाहेर आले. पत्र्याचं दार ओढलं. कडी तुटलेली, ते परत उघडलं. पुन्हा ओढलं आणि त्याला पाठ लावून खाली बसले, पाय समोरच्या कठड्याला टेकवून. आत्या पायरीवर थबकली.

"दार कशाला लावलंस?"

"लावलंय."

"आत कोन बोलतं?"

आत कोण बोलत होतं ते मला ऐकू येत होतं. काय बोलत होतं ते मी आत्याला सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.