उलंगवाडीनंतरचे महाराज

पुंडलिकरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बोरखडीच्या बाया सकाळपासून येऊन बसल्या होत्या आणि मारेगावकडून येणारे ऑटो थेट फाटकापर्यंत माणसं ओतत होते. मंडपाच्या मध्ये तख्तपोस, तख्तपोसावर गादी आणि गादीवर वातहरण महाराज. महाराज हिमालयातून आले होते. बोलणं तेवढं उमरखेडकडचं होतं. हिमालयात राहूनही माणूस आपली बोली विसरत नाही, असं समजून लोकांनी तो विषय सोडून दिला होता.

चमत्कार मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचा. दुखऱ्या हातांवर शिष्य पिवळसर लेप थापायचा. त्याला कापराचा वास यायचा आणि त्याचं नाव होतं 'हिमालयी केशरमाती'. मग महाराज कलशातलं स्वच्छ, नितळ पाणी त्या हातांवर सोडायचे आणि खालच्या पांढऱ्या परातीत लालभडक पाणी पडायचं.

"पाह्यलं का माई? सडका वात आहे हा! बोटाच्या गाठीत बसला होता. वात म्हणजे वायू, वायू म्हणजे कर्म, आणि कर्म म्हणजे गाठ!"

वायू जर वारा असेल तर तो लाल आणि पातळ कसा होतो, हे कोणी विचारलं नाही. विचारायला तोंड मोकळं हवं, आणि तिथे सगळ्यांची तोंडं उघडीच राहिलेली होती.

रांगेत तुळसाबाई उभी होती. साठीला टेकलेली, सडपातळ, आयुष्यभर कापूस वेचलेली बाई. तिच्या बोटांच्या शेवटच्या पेरांवर हरभऱ्याएवढ्या टणक गाठी आल्या होत्या, आणि अंगठ्याच्या मुळाशी तर असा ठणका लागायचा की डब्याचं झाकण उघडताना डोळ्यांत पाणी यायचं. ब्लाऊजचं हूक लागत नव्हतं. पिळलेलं लुगडं ठिबकतच दोरीवर जायचं. यंदाच्या हंगामात बोंडातून कापूस ओढताना तिला पहिल्यांदा भीती वाटली होती, की पुढच्या वर्षी हे हात आपलं ऐकणार नाहीत. हाताला काम नसलेली तुळसाबाई म्हणजे कोण, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

ती इथे आली ती शेजारच्या मानीबाईमुळे.

"पाह्य माहे बोटं," मानीबाई मुठी उघडझाप करून दाखवत म्हणाली होती. "मागच्या साली महाराज आले, अन् पंधरा दिवसात मोकळे झाले. पथ्य तेवढं पाळाव लागते. कापसाले हात नाही लावाचा, धुणं नाही पिळाचं, अन् सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात हात बुडवून बसाचं, महाराजाचं नाव घेत."

तुळसाबाई दुपारपर्यंत चिंचा फोडत होती. गाठींनी ठणका दिला तरी ढीग संपवल्याशिवाय उठायची तिची सवय नव्हती. उठली ती पदराला हात पुसत तशीच रांगेत येऊन उभी राहिली.

तिचा नंबर आला. लेप झाला. महाराजांनी कलश तिरका केला.

परातीत पाणी पडलं. पिवळं.

महाराजांनी अजून थोडं पाणी सोडलं. तेही पिवळंच. मंडपातली कुजबूज थांबली. महाराजांनी एक डोळा उघडून परातीकडे पाहिलं, शिष्याकडे पाहिलं आणि तो डोळा परत मिटून घेतला.

"माई, तुझ्या घरात शेवटचं कोण आलं?"

"घरात? सून आली जी. दोन साल झाले."

"तिच्या पावलानं वात बांधून ठेवलाय. ती उंबऱ्याच्या आत आहे तोवर तुझ्या गाठी सुटायच्या नाहीत. तिला माहेरी धाड. ज्या दिवशी ती जाईल, त्या दिवशी वात वाहील."

मंडपातल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शीलाचं पाऊल चांगलं नाही, हे त्यांच्यापैकी कोणालाच तोपर्यंत सुचलं नव्हतं. पण आता सांगितल्यावर सगळ्यांना ते आधीपासून माहीत होतं.

ही बातमी तुळसाबाईच्या आधी घरी पोचली. प्रफुल्ल, तिचा मुलगा, ओसरीवर तंबाखू मळत बसला होता. त्याने आईच्या तोंडाकडे न पाहताच सुरुवात केली.

"मा, मी काही कायमचं नाही म्हणून राह्यलो. महिना-दोन महिने. तुहे हात तर पाह्य. शीलाले सांगितलं मी, भराले घे म्हणून."

"अन् ती काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

तुळसाबाई दारातच बसली. तिला सून आवडायची, ही गोष्ट तिने कधी बोलून दाखवली नव्हती. सासवा ते बोलून दाखवत नाहीत. पण भाकरी थापताना अंगठ्यात कळ आली की परातीजवळून तिला न बोलता उठवणारी, डब्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवणारी शीलाच होती. आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्या क्षणी तुळसाबाईच्या मनात आलं, की गेली थोडे दिवस तर काय बिघडते? दुखणं माणसाकडून असं काहीही कबूल करवून घेतं. आपल्या मनात हे आलं याची तिला लाज वाटली आणि ती उठून आत गेली.

शीलाची पिशवी भरलेली होती. पण पोरगी मोरीत बसून धुणं धूत होती.

"राहू दे ना व. मी धुतो उद्या."

"तुमच्यानं पिळल्या जाते का आत्याबाई? जाच्या आधी धुऊन टाकतो." शीलाचा आवाज कोरडा होता. रडून झालेलं होतं.

तुळसाबाईने अंगावरचं लुगडं बदलून मोरीत टाकलं, ते शीलाने ओढलं. पदराला केशरमातीचा पिवळा डाग लागला होता. शीलाने त्यावर कपड्याचा साबण घासला आणि हात थांबवला.

"आत्याबाई. इकडे या."

डाग लाल झाला होता. परातीतल्या पाण्यासारखा लालभडक.

"तुमचा वात पदरात निंगाला," शीला म्हणाली. हसली नाही. लुगडं नाकाशी नेऊन तिने वास घेतला. "वरून कापूर हाये. आतून हयद हाये ही. हयदीच्या डागाले साबण लागला का असंच होते. लग्नातलं माहं पातळ असंच झालतं."

 मग तुळसाबाई स्वयंपाकघरात गेली, चिमूटभर हळद वाटीत कालवून घेऊन आली आणि ओसरीकडे हात लांब करून म्हणाली, "प्रफुल्ल, तुही चुन्याची डबी आण."

हळदीत चुना पडला आणि वाटी लाल झाली. प्रफुल्ल वाकून बघत होता. ही डबी तो दिवसभर खिशात घेऊन फिरायचा. मंडपातल्या निम्म्या पुरुषांच्या खिशात ती होती. कुंकू हळदीचंच बनतं, हे मंडपातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक होतं. पण हिमालय म्हटल्यावर कोणाला स्वयंपाकघर आठवत नाही.

"पण कलशातलं पाणी तं साफ होतं," प्रफुल्ल म्हणाला.

"चुना खाली बसू दे अन् वरचं पाणी घे," शीला म्हणाली. "मंग पाह्य साफ दिसते का नाही."

तुळसाबाई मात्र अजून अडून बसली होती. "सगळ्यायचं लाल झालं. मंग माहंच काहून नाही झालं?"

शीलाने तिचे हात हातात घेतले. नखांच्या कडांना चिंचेचा काळपट गर अजून चिकटलेला होता. शीलाने ढिगातली एक चिंच उचलली, पाण्यात कोळली आणि ते आंबट पाणी लाल वाटीत ओतलं. लाल रंग बघता बघता गेला आणि वाटी परत पिवळी झाली.

प्रफुल्ल उठला, आत गेला आणि शीलाची पिशवी उचलून त्याने कपाटावर टाकली.  बोलायला हवं होतं, पण ते त्याला आणखी चार दिवसांनी जमलं.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाईने साबणाने हात स्वच्छ धुतले आणि ती परत रांगेत उभी राहिली. महाराजांनी तिला ओळखलं.

"गेली का सून?"

"सकायीच निंगाली जी घरून," तुळसाबाई म्हणाली. हे अगदी खरं होतं.

महाराजांनी कलश तिरका केला. पाणी लालभडक पडलं. मंडपात एकदम गलका झाला आणि कोणीतरी जयजयकार केला. महाराजांनी दोन्ही हात वर केले.

"पाह्यलं! सून उंबऱ्याबाहेर पडली, वात सुटला! कोणाच्या मनात शंका होती?"

"माह्या मनात होती," मागून आवाज आला. बायांच्या गर्दीतून शीला उठून पुढे आली. "मी इथंच हाये महाराज. दुपारच्या भाकरी टाकाले घरीच जाऊन राह्यली. माहेरी नाही गेली, अन् जाणारही नाही."

महाराजांनी कलश सावरून धरला. मग म्हणाले, "उंबऱ्याबाहेर आहेस ना? तेवढं पुरे!"

"कालही मी चिंचा फोडत अंगणात बसली होती. उंबऱ्याबाहेरच."

महाराजांनी डोळे मिटायच्या आत तुळसाबाईने कुंपणाला खोचलेली कापसाच्या झाडाची एक वाळकी पऱ्हाटी उपसली होती. तिने केशरमातीच्या भांड्यात बोटं घातली, पऱ्हाटीला वरपासून खालपर्यंत लेप दिला आणि महाराजांच्या हातातला कलश घेऊन पाणी ओतलं.

पऱ्हाटीतून लालभडक वात निघाला.

"इलेही सांधेवात हाये वाट्टे," तुळसाबाई म्हणाली. "हिच्या घरात कोणती सून आली, तेही सांगा जी."

पहिल्यांदा मानीबाई हसली, तोंडाला पदर लावून. मग सगळा मंडप हसला. शीलाने चिंचेचं पाणी परातीत ओतून सगळ्यांचा वात पिवळा करून दाखवला, आणि प्रफुल्लने खिशातून चुन्याची डबी काढून हळदीचा प्रयोग हातोहात फिरवला. पुंडलिकराव आपल्याच अंगणात उभे राहून, आपण हे सगळं आधीच ओळखलं होतं, असं सांगू लागले. या गडबडीत महाराजांना हिमालयातून बोलावणं आलं. मोटार फाटकाबाहेर पडली तेव्हा कलश मंडपातच राहिला होता. त्याच्या तळाशी पांढरा गाळ होता.

पण एक गोष्ट राहिलीच होती, आणि मानीबाईने ती सोडली नाही. "ते सगळं खरं बाई. पण माहे बोटं तं खरंच मोकळे झालते. त्याचं काय?"

तेव्हा दोघींना घेऊन शीला मारेगावला दवाखान्यात गेली. डॉक्टर मॅडमने दोघींची बोटं एकेक पेर दाबून पाहिली, फोटो काढायला लावला आणि तो उजेडाला धरून दाखवला.

"दोन हाडांच्या मध्ये गादीसारखा मऊ थर असतो. तो झिजलाय. हाड हाडाच्या जवळ आलं, म्हणून दुखतं. कडेनं नवीन हाड वाढलं, त्या ह्या गाठी. वय होतं, बायकांना जास्त होतं, काही घराण्यांत जास्त होतं, आणि हातानं फार काम केलं की लवकर त्रास देतं. यात कोणाचं पाऊल नाही, नजर नाही."

"गाठी जाईन का?" तुळसाबाईने विचारलं.

"नाही. खोटं सांगत नाही. गाठी राहतील. दुखणं कमी करता येतं, हात चालू ठेवता येतात." तिने अंगठ्याला बांधायचा पट्टा दिला, लावायचं मलम दिलं, बोटांचे हलके व्यायाम करून दाखवले. गोळी मनाने दुकानातून घ्यायची नाही, पोट आणि मूत्रपिंडाचं नुकसान होतं, असं दोनदा बजावलं. विळ्याची मूठ कापड गुंडाळून जाड करा म्हणाली, पिळायचं काम दुसऱ्याला द्या, एकसारखं वेचू नका, मध्ये हात थांबवा.

मग तिने मानीबाईकडे पाहिलं. "महाराज येतात कधी तुमच्याकडे?"

"उलंगवाडी झाली का येते. दर साली."

मॅडमने पेन खाली ठेवला. "म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा झाला, पऱ्हाट्या उपटल्या, थंडी गेली की. चार महिने वेचून थकलेल्या हाताला तेव्हा आराम मिळतो आणि ऊनही येतं. बोटं दर वर्षी तेव्हा हलकी होत नाहीत का?"

मानीबाई विचारात पडली. "होते खरं. महाराज नव्हते तवाही होत होते."

"वर पथ्य. काम बंद, पिळणं बंद, कोमट पाणी. ते तर मीही सांगते. महाराजांचा उपाय चांगला आहे, फक्त त्यातून महाराज काढून टाका."

पुढच्या हंगामात कापूस फुटला तेव्हा तुळसाबाई शेतात होती. अंगठ्याला पट्टा होता. एक ओळ वेचायची आणि बांधावरच्या झाडाखाली बसायची, हे तिला फार अवघड गेलं. शेजारी काम चालू असताना बसून राहायची तिला सवय नव्हती. हात दुखायचे, काही दिवशी खूप दुखायचे. पण आता ते नुसतेच दुखायचे, घरातल्या कोणावर आळ घेऊन दुखायचे नाहीत. शीला पुढच्या ओळीत होती. तुळसाबाईची कमरेची ओटी कापसाने भरली की ती येऊन सोडवून न्यायची.

एके दिवशी झाडाखाली बसलेल्या एका नव्या नवरीच्या सासूने कोणत्या तरी दुसऱ्या महाराजाचं नाव काढलं. तो म्हणे फुलसावंगीकडे आला होता, आणि गुडघ्यातून काटा काढत होता.

तुळसाबाईने पट्टा जरा घट्ट केला.

"जा की. कोण नाही म्हणते? पण पहिले दवाखान्यात जा, दुखते कायले ते समजून घे. अन् महाराजानं घरातल्या कोणाचं नाव घेतलं ना, तर त्या माणसाकडे पाह्यच्या आधी महाराजाच्या पाण्यात काय हाये ते पाह्य." तिने पुढच्या ओळीतल्या शीलाकडे बोट दाखवलं, गाठीचं, वाकडं बोट. "मी घडीभर पाह्यलं नाही. पोरगी जातच होती माही."