जुनी झाली

दुरुस्तीच्या त्या एवढ्याशा दुकानात शिरलं की माणसाचं लक्ष आधी बरण्यांकडे जायचं. लांबलचक फळीवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या: एकीत मिक्सरचे झिजलेले कपलर, दुसरीत बॅगांच्या चेनचे रनर, तिसरीत इस्त्रीच्या वायरींचे जळके तुकडे. वस्तू नेमकी कशाने मेली हे कळल्याशिवाय दुकानाच्या मालकीणबाईंना चैन पडत नसे, आणि कळलं की मारेकरी बरणीत जाई. गल्ली त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायची. समोरच्या दवाखान्यातले खरे डॉक्टरही पंखा काखोटीला मारून आले की निमूटपणे तसंच म्हणायचे.

बाईंच्या डोक्यात कित्येक दिवस एक किडा वळवळत होता. “काय झालंय हिला?” असं विचारलं की दहातले सात जण तेच उत्तर द्यायचे: “जुनी झाली.” आता जुनी म्हणजे काय? बाई स्वतः अठ्ठावन्नच्या होत्या, त्यामुळे प्रश्न तसा जिव्हाळ्याचाच होता. उघडून बघावं तर मोटर ठणठणीत, भांडं चकचकीत आणि नखाएवढा एक तुकडा तुटलेला. तेवढ्यासाठी अख्खी वस्तू म्हातारी ठरवून लोक मोकळे होत.

फळीवरच्या एका बरणीला मात्र चिठ्ठी नव्हती, आणि ती बाईंनी मुद्दाम मागे सरकवून ठेवली होती.

त्या शनिवारी गल्लीतल्या गणिताच्या शिक्षिका विजेची किटली घेऊन आल्या.

“जुनी झाली हो. नवीनच घेते आता.”

“कधी घेतली होतीत?”

“तुम्हीच तर घ्यायला लावलीत. दोन वर्षं होतील.”

हे खरं होतं. बाईंची मुलगी किटल्यांच्या कारखान्यात वस्तूंचे आराखडे करायची आणि ही किटली तिची पहिली. तेव्हा बाईंनी अख्ख्या गल्लीच्या गळ्यात एकेक किटली मारली होती, वर पाणी कसं उकळायचं तेही शिकवलं होतं, जणू कुणाला येतच नव्हतं.

बाईंनी झाकण दाबलं. ते पुन्हा वर आलं. काय झालंय ते त्यांना न बघताच कळलं होतं. झाकण अडकवणारी खिटी तुटली होती. झाकण लागत नाही, म्हणून वाफ बाहेर जाते, म्हणून पाणी उकळलं तरी किटली आपोआप बंद होत नाही. खिटी झाकणातच ओतलेली, त्यामुळे वेगळी बसवता येत नाही, आणि भोक पाडून तार घालावी तर प्लास्टिकच तडकतं. सगळे उपाय करून झाले होते.

“राहू दे तुमच्याकडेच,” शिक्षिका म्हणाल्या आणि गेल्या. बाईंनी किटली मागच्या खोलीत नेली. तिथे तशाच एकोणचाळीस किटल्या रचलेल्या होत्या. तुटकी खिटी त्यांनी बिनचिठ्ठीच्या बरणीत टाकली.

बरण्यांच्या वर भिंतीवर मुलीचं प्रशस्तिपत्रक टांगलेलं होतं. चौकट बाईंनीच करून घेतली होती. कारखान्याच्या आधीच्या किटल्यांच्या झाकणात दोन ग्रॅमची पोलादी खिटी असे. मुलीने तिच्याऐवजी झाकणातच ओतलेली प्लास्टिकची खिटी केली आणि वर्षाला तीनशे किलो पोलाद वाचवलं. पर्यावरणाची काळजी घेतली म्हणून कारखान्याने टाळ्या वाजवून तिला हे दिलं होतं. आलेल्या प्रत्येकाला बाई ते वाचून दाखवत. गेले सहा महिने मात्र त्यांनी ते कुणाला दाखवलं नव्हतं.

रविवारी मुलगी आली ती हवेतच.

“आई, मंगळवारी माझ्या झाकणावर शेवटचा निर्णय आहे. आता पाच नव्या वस्तूंना तेच बसणार.”

बाईंनी आज बोलायला हवं होतं. मंगळवारनंतर बोलून उपयोग नव्हता. पण पोरीचा चेहरा फुललेला होता. “चहा टाकते,” म्हणून त्या आत स्वयंपाकघरात पळाल्या.

मुलगी मागोमाग आलीच. बघते तर आई ओट्यापाशी उभी, अंगठ्यावर फडकं गुंडाळलेलं, आणि त्या अंगठ्याने किटलीचं झाकण दाबून धरलेलं. किटली कारखान्यातून निघालेली अगदी पहिली, मुलीने स्वतः आणून दिलेली.

“हे काय करतेस?”

“सवय झालीय.”

“कधीपासून?”

“वर्ष होत आलं.”

“आणि मला बोलली नाहीस?”

बाईंनी किटली बंद केली, दुकानात जाऊन मागे सरकवलेली बरणी आणून ओट्यावर ठेवली. मुलीने ती हलवून पाहिली, मग झाकण उघडून एक खिटी उजेडात धरली. ती आईचीच लेक; तिलाही चैन पडेना.

“सगळ्या इथेच तुटल्यात. मुळाशी. किती आहेत?”

“एक्केचाळीस. पहिली माझी.”

“असं कसं होईल? आम्ही लोकांना विचारलंय. जुनी किटली का बदलता म्हणून. तुटली म्हणणारे अगदी थोडे होते.”

“कुठे विचारलंत?”

“दुकानात. नवीन घ्यायला आलेल्यांना.”

“मग बाकीचे काय म्हणाले?”

मुलगी आठवू लागली आणि बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. “म्हणाले, जुनी झाली.”

“आत ये,” बाई म्हणाल्या.

मागच्या खोलीतल्या किटल्यांपुढे मुलगी उभी राहिली. एक उचलली, तळ पाहिला, कॉइल पाहिली, दुसरी उचलली. बाईंना वाटलं होतं ती रडेल, नाहीतर चिडेल. ती म्हणाली, “वजनकाटा दे.”

एक किटली भरली नऊशे ग्रॅम. पुढचा हिशोब तिने मनातच केला.

“छत्तीस किलो,” ती म्हणाली. “आणि या चाळिसांत मी पोलाद वाचवलं ऐंशी ग्रॅम.”

“तुझं काही चुकलं नाही गं. तू वाचवायलाच गेली होतीस.”

“चुकलं, आई. मी किटली बनतानाच बघितली. मोडीत जाताना बघितलीच नाही.” मग म्हणाली, “तू आधीच बोलली असतीस तर?”

हे बाईंना लागलं, कारण खरं होतं. गल्लीभर वस्तूंचं निदान सांगत फिरणारी बाई स्वतःच्या लेकीपुढे मूग गिळून बसली होती. “तुझ्या त्या चौकटीकडे बघून धीर झाला नाही,” त्या म्हणाल्या. “माझीच चूक.”

दोघी ओट्यापाशी परत आल्या. चहा व्हायचाच होता. मुलीने बटण दाबलं आणि आईच्या आधी आपलाच अंगठा झाकणावर ठेवला.

“मंगळवारी ही घेऊन जाते,” ती म्हणाली. “बरणी नको. बरणी बघून सगळे माना डोलावतील आणि विसरतील. तिथे सगळ्यांसाठी चहाचं पाणी हिच्यातच उकळते आणि झाकण धरायला साहेबांना सांगते.”

बाईंना हसू आलं. “आणि त्यांनी नाही ऐकलं तर?”

“मग माझं झाकण मी मागे घेते. पाच वस्तूंवर तर बसू देणार नाही.”

पाणी खळखळायला लागलं. झाकणाच्या कडेने वाफ येऊ लागली.

“फडकं घे, भाजेल.”

“तू पहिल्या दिवशी घेतलं होतंस?”

“पहिल्या दिवशी कुठलं सुचतंय?”

मुलीने अंगठा काढला नाही. दात आवळून ती तशीच उभी राहिली आणि बाईंनीही आग्रह केला नाही. किटली खट्कन बंद झाली तेव्हा तिने अंगठा नळाखाली धरला आणि विचारलं, “आई, वर्षभर, रोज?”

“दिवसातून दोनदा,” बाई म्हणाल्या. “पाहुणे आले तर तीनदा.”